काय खायला मागालंय काय ते?

मागच्या उन्हाळ्यात बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या फ्लॅटला रंग द्यायचं निघालं आणि माळ्यावरचं सगळं खाली आलं. हॉलभर जुने पेपर अंथरलेले, त्यावर डबे, गाठोडी, बरण्या आणि ज्यांची भांडी केव्हाच गेलीत अशी झाकणं. घरकामाला येणाऱ्या अक्का हाताखाली होत्या. धूळ झटकत त्यांनी एक जर्मनचं पातेलं वर धरलं. आईचं दूध तापवायचं पातेलं ते. बूड फुगून बाहेर आलंय, त्यामुळे ओट्यावर ठेवलं की आपोआप गोल फिरतं. काठ एका बाजूला आत दबलेला आणि बुडाजवळ दोन ठिकाणी एम-सीलचे करडे ठिपके. अक्कांनी कन्नडमध्ये विचारलं, "इद बेकेन्री अक्कार?" हे पाहिजे काय? विचारण्यात खोच काही नव्हती. खाली दोन ढीग चालले होते, एक ठेवायचा, एक द्यायचा, आणि त्यांना काम उरकून पुढच्या घरी जायचं होतं. मी म्हटलं, "इरली बिड्री." राहू दे. मग बिजागरी तुटलेला पानाचा डबा आला, इरली. काच नसलेला कंदील आला, इरली. आज्जीची वाकळ आली, ती तर त्यांनी विचारायच्या आतच मी ओढून घेतली. दुपारपर्यंत 'इरली'चा ढीग एवढा वाढला की रंगाऱ्याला शिडी टेकवायला जागा मिळेना. अक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या.

त्यांच्या हसण्याचं मला काही वाटलं नाही, खरं ते पातेलं डोक्यात बसलं. कारण ते मला कधीच आवडलं नव्हतं. त्यात दूध हमखास करपायचं, ते घासताना नखं दुखायची, आणि आई असतानाच मी तिला त्याच्या बदली नवं आणून दिलं होतं. मग नको म्हणायला जीभ का उचलली नाही? आईची आठवण म्हणावी तर तिचे फोटो आहेत, लोणच्याच्या प्रमाणांची तिच्या हातची वही आहे, तिच्या बांगड्या माझ्या हातात आहेत. गळक्या पातेल्यात आई शोधायची पाळी अजून आलेली नाही.

आमच्या गावच्या, येळ्ळूरच्या घरात असं कुणी कुणाला विचारलेलं मला आठवत नाही. ते घर अरुंद आणि लांबच लांब. रस्त्याकडेला कट्टा, मग सोपा, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, गोठा आणि शेवटी परडं. पुढच्या दारानं आलेली वस्तू वर्षावर्षानं एकेक खण मागे सरकत परड्यात पोचायची. नवी केरसुणी माजघरात, झिजली की अंगणात, आणखी झिजली की गोठ्यात, आणि बुडखा तेवढा राहिला की न्हाणीच्या चुलीत. लुगडं आधी यात्रेला, मग घरात नेसायला, मग वाकळेत, आणि वाकळेच्या चिंध्या झाल्या की पोतेरं. सुपाला भोक पडलं की आज्जी भिजवलेली मेथी नि कागदाचा लगदा एकत्र वाटून लिंपायची. ते लिंपणही सुटलं की सूप तांदळावरून उतरून राखेवर यायचं. खानापूरचं मडकं फुटलं तर त्याच्या खापरीतून शेजारून विस्तव आणायचा. कौल फुटलं तर आम्हा पोरांची लगोरी. आणि बूड गेलेली बादली परड्यात सगळ्यांत मानाची. ती कढीपत्त्याच्या रोपाभोवती बसवलेली असायची, शेळीनं तोंड घालू नये म्हणून. मोडकं इरलं कोंबड्यांच्या डालग्यावर, तुटकी विळी कुंपणात, फुटकी दगडी उखळी भिंतीच्या कडेला म्हशीच्या पाण्याला. आई कधी वैतागून म्हणायची, "आत्ती, हे टाकूया की आता." आज्जी हातातलं काम न सोडता म्हणायची, "असूदे की. काय खायला मागालंय काय ते?"

त्यावरून आज्जी हळवी होती असं मात्र कुणी समजू नये. गावात स्टील आलं तेव्हा तिनं न्हाणीतला तांब्याचा बंब मोडीत घातला आणि मागे वळून पाहिलं नाही. त्या दिवशी मी तिच्याबरोबर होते. बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात दुकानदारानं बंबाच्या आत बोट फिरवून पाहिलं, पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर बसलेला होता, आणि त्यापोटी त्यानं वजनात भरमसाट घट धरली. आज्जी काही बोलली नाही. बाहेर गेली, रस्त्याकडेचा एक गोटा उचलून आणला, दुकानाच्या पायरीवर फतकल मारून बसली आणि आत हात घालून थर फोडायला लागली. ठण् ठण् आवाजानं दोन-चार माणसं जमली. निघालेलं सगळं पांढरं कवच तिनं पदरात गोळा केलं आणि दुकानदाराच्या तागडीत ओतलं. "आता कर वजन. तेवढंच कमी कर." त्या पैशांत आणि वर थोडे घालून पातेल्यांची आख्खी उतरंड आली. ज्या बंबाच्या पाण्यानं तिची सगळी पोरं न्हाली, त्याच्यासाठी तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. घरी येताना रस्ताभर ती त्या दुकानदाराची नक्कल करून हसत होती.

टाकायचं की ठेवायचं, हे त्या घरात कुणी बसून ठरवलंच नाही.

फ्लॅटला परडं नसतं. इथे वस्तूला सरकायला मागे खणच नाही. ओट्यावरून उतरली की एकदम जिन्याखाली, आणि सकाळी कचऱ्याची गाडी आली की ओला इकडे, सुका तिकडे. पातेलं दुधावरून निवृत्त होऊन कोंबड्यांच्या पाण्याला लागलं असतं तर मला त्याचं काही वाटलं नसतं. एखाद्या दिवशी ते परड्यात दिसेनासं झालं असतं आणि महिन्याभरानं कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. इथे त्याला कामावरून काढायचं म्हणजे घरातूनच काढायचं, तेही आपल्या तोंडानं, एका दमात. मला वाटतं, जुन्या वस्तूंवरचा आपला जीव हा पुष्कळदा जागेच्या टंचाईतून आलेला असतो. आमच्या सोसायटीत वर्षातून एकदा 'नको असलेलं द्या' म्हणून बायका सामान गोळा करतात. प्रत्येकीच्या पिशवीत धड वस्तू असतात, न वापरलेले डिनर सेट, अंगाला न बसणारे ड्रेस. मोडकं कुणीच आणत नाही. मोडकं माळ्यावर असतं.

पितळी घागरीचं तसंच. ती आज्जीच्या लग्नातली, म्हणजे १९४९ची, तसं तिच्या खांद्यावर कोरलेलंच आहे. अक्षरं ठिपक्या-ठिपक्यांची, छिन्नीच्या टोकानं ठोकलेली. आधी 'सौ.', मग नावाची जागा, आणि शेवटी 'येळ्ळूर, जि. बेळगांव', त्या काळच्या अनुस्वारासकट. नावाची जागा म्हणते, कारण नाव राहिलेलं नाही. चिंच आणि राखेनं घासून घासून ते गुळगुळीत झालंय. उजेडात तिरकी धरली तर एखादी वेलांटी दिसते, बोटाला मात्र काही लागत नाही. घागर घेतली तेव्हा आम्ही मुंबई प्रांतात होतो. १९५६ला म्हैसूर राज्यात गेलो, १९७३ला त्याचं कर्नाटक झालं, २०१४ला पाट्यांवर बेळगावी आलं. आज्जीची घागर एवढ्या काळात सोप्यातून न्हाणीपर्यंत गेली. सीमाप्रश्नावर आमच्या घरात पुष्कळ भांडणं झाली, त्यात घागरीला कुणी साक्षीला बोलावलं नाही, ते बरंच झालं.

भांड्यांवर नाव घालायचं ते हौसेनं कमी आणि गरजेनं जास्त. लग्नकार्यात, चांगळेश्वरीच्या यात्रेला आळीभरातली भांडी एका घरात जमायची. चार दिवसांनी अंगणात त्यांचा ढीग पडायचा आणि शाळेत जाणारं एखादं पोर बसून नावं वाचायचं, हे अमक्या काकूंचं, हे वरच्या आळीतलं. गंमत अशी की आज्जीला अक्षरओळख नव्हती. तिची घागर ती पोच्यावरून ओळखायची. विहिरीच्या कडेला आपटून पोटाला पडलेला पोचा, बरोबर कमरेला टेकायच्या बाजूला. पाणी भरलेली घागर तिच्या कमरेवर त्या खळग्यानं अशी घट्ट बसायची की दुसऱ्या हातात कळशी घेऊन ती पाटलांच्या दारापर्यंत बोलत बोलत यायची. नाव घालणाऱ्याला पैसे मोजले होते, पोचा फुकट मिळाला, आणि तोच जास्त टिकला.

ती गळायला लागली बुडाच्या सांध्यातून. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकदा डाग देऊन घरी आणली, तो सुटला. मग ती न्हाणीतून गोठ्यात गेली, पेंड भिजवायला. गोठा मोडला तेव्हा ती माझ्याकडे आली. मध्यंतरी डाग देणारा कुणी आहे का म्हणून मी बाजार पालथा घातला. एकानं सांगितलं, "ताई, मजुरीत नवी येईल की." येईल. खरं नवीला पोचा पाडायचा कुणी? लहानपणी गणपतीच्या आधी आळीत कल्हईवाला यायचा, मातीत खड्डा करून भाता बसवायचा. तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा, नाकात झिणझिण्या यायच्या आणि आम्ही मुद्दाम पुढे सरकायचो. कथलाची कांडी टेकली की एक चकचकीत थेंब, आणि कापसाच्या बोळ्यानं तो एका फिरकीत पातेलंभर. काळंकुट्ट भांडं डोळ्यांदेखत चांदीचं व्हायचं. कल्हई गेली की आमटी कळकायची, म्हणून तो यायलाच लागायचा. कळकट वस्तू पुन्हा धड होते, हे तेव्हा आम्ही दरवर्षी उघड्या डोळ्यांनी पाहत होतो. आता तो विश्वास ठेवायला काही कारण उरलेलं नाही, तरी तो अंगात राहिलाय. 'इरली' त्यातूनच येत असावं.

वाकळेबद्दल मात्र मी खरं तेच सांगणार. लोक हल्ली वाकळेचं फार गोड वर्णन करतात, ऊब काय नि माया काय. आमची वाकळ जड आहे. तिला एक वास आहे, कितीही ऊन दाखवलं तरी न जाणारा, थोडा धुराचा, थोडा कापराचा, थोडा नुसता जुनेपणाचा. अंगावर घेतली की मला खाज सुटते. वॉशिंग मशीनमध्ये घातली तर भिजल्यावर ड्रम फिरेनासा होतो. ती धुवायची म्हणजे तळ्यावर, दोघी बायकांनी दोन टोकं धरून पिळायची. आत थर आहेत शहापूरच्या लुगड्यांचे. बेळगावला लागूनचं हे शहापूर एके काळी सांगली संस्थानात होतं. आज्जीची आई तिथून लुगडं घ्यायची तेव्हा ती दुसऱ्याच्या राज्यातून माल आणल्याच्या थाटात सांगायची म्हणे. वैशाखात, पावसाच्या आधी, अंगणात लुगडी एकावर एक अंथरून बायका चारी बाजूंनी पाय पसरून बसायच्या आणि कडेकडून आत टाके घालत यायच्या. आमच्या शेजारच्या कन्नड घरातल्या अव्वा तिला कौदी म्हणायच्या, त्याही येऊन बसायच्या. शेवटचं तोंड शिवायच्या आधी त्या आत भाकरीचा वाळका तुकडा सरकवायच्या. वाकळ उपाशी ठेवू नये म्हणून. आज्जीला हे मान्य नव्हतं, उंदीर लागतील म्हणायची, खरं अव्वांचा हात तिनं कधी धरला नाही.

म्हणजे काहीच खायला मागत नाही म्हणणारी आज्जी, आणि तिच्याच वाकळेच्या पोटात भाकरी.

सगळ्यांत अडचणीचा मामला आहे तो इस्त्रीचा. आप्पा उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, फौंड्रीत होते. येळ्ळूरहून सायकलनं जायचे, आणि परत आले की नखांत, कानांच्या पाळीमागे साच्याची काळी वाळू. त्यांचं आयुष्य भंगारात गेलं, म्हणजे खरोखरीच्या भंगारात. लोखंड वितळवायच्या कपोला भट्टीत कोळशाचा थर, चुन्याच्या दगडांचा थर, वर कच्चं बीड आणि भंगार. त्या भंगारात कुणाकुणाची घरं आलेली असायची. बिडाचे तवे, शिवणयंत्राचे पाय, रहाटाची चाकं, चरकाचे दाते. आप्पा म्हणायचे, भट्टीतनं धार सुटली की सगळ्याचा रंग एकच, तवा कुठला नि चाक कुठलं काय कळत नाही. वस्तूंच्या बाबतीत इतका कोरडा माणूस मी पाहिलेला नाही. स्वतःचं मनगटी घड्याळ बंद पडलं तेव्हा त्यांनी पट्टा काढून ठेवला आणि घड्याळ पोरांना खेळायला दिलं.

आणि या माणसानं एकदा भंगारातनं कोळशाची इस्त्री घरी आणली. तिला मूठ नव्हती, नुसते दोन खुंट. झालं होतं असं की भट्टीत बंद वस्तू जाऊ द्यायची नसते, आत पाणी किंवा हवा कोंडलेली असली तर तापलेला रस उसळून अंगावर येतो. म्हणून माल टाकण्याआधी बंद दिसेल ते उघडून बघायचं. इस्त्रीचं झाकण गंजून बसलेलं. आप्पांनी हातोडीनं ठोकून उघडलं. आत राख होती, आणि राखेत अर्धवट जळलेले दोन कोळसे. कुणीतरी शेवटचा कपडा केला, झाकण लावलं, आणि मग ती इस्त्री परत कधी पेटलीच नाही. आप्पांनी ती बाजूला ठेवली, संध्याकाळी स्टोअरमध्ये वजन करून भंगाराच्या भावानं पैसे भरले, आणि कॅरियरला बांधून आणली. आईनं विचारलं, "कशाला हो हे?" तर म्हणाले, "दाराला लावायला." बेळगावच्या पावसाळी वाऱ्यात मधलं दार धाडकन आपटायचं, त्याला ती टेकण म्हणून लागली ती आजतागायत. येळ्ळूरला होती, आता इथे बाल्कनीच्या दाराशी आहे. राख त्यांनी सांडून टाकली नव्हती. अजून आत आहे. झाकण मी फार क्वचित उघडते.

तर आठवणीमुळे वस्तू जपतात, हे इथे लागू पडत नाही. ती इस्त्री कुणाची, कुठल्या गावची, तिनं शाळेचा सदरा केला की नवरदेवाचा कोट, आप्पांना माहीत नव्हतं आणि विचारायला कुणी नव्हतं. रोज टनानं लोकांचं सामान वितळवणाऱ्या माणसाचा हात एका परक्या राखेपाशी थांबला, आणि कारण विचारल्यावर त्यानं दाराचं नाव पुढे केलं. माझं पातेलं आणि त्यांची इस्त्री यांत मला तेवढंच साम्य दिसतं. कारण आधी नसतं, मागाहून लावायला मिळतं. दार आपटतंय, हे कारण त्यातल्या त्यात सभ्य.

हे सगळं मी फोनवर पुण्याच्या धाकट्या भावाला सांगत होते. त्याच्या नव्या फ्लॅटचं इंटिरिअर चाललंय. मधेच तो म्हणाला, "ताई, ती घागर मला पाठव की. हॉलमध्ये उलटी टांगून आत बल्ब लावायचाय, भोकं पाडून मस्त डिझाइन होतं." महामार्गावरच्या हॉटेलांत मी पाहिलेत तसले दिवे. जेवणाऱ्यांच्या डोक्यावर कुणाकुणाच्या आज्ज्यांची नावं लोंबकळत असतात. तोंडात आलेलं मी गिळलं, कारण वाटा त्याचाही आहे, आणि आज्जी असती तर तिनं मोडीचा भाव विचारून घागर देऊन टाकली असती, बल्बाला लाव नाहीतर फोडून खा. भोकं पाडणार म्हटल्यावर पोटात कालवलं हे खरं. आणि ती निदान माळ्यावरून खाली तरी येईल, हेही तितकंच खरं.

मी म्हटलं, "कुरिअरनं पाठवणार नाही. गाडी घेऊन ये, मांडीवर घेऊन जा. पोचा तेवढा बाहेरच्या बाजूला ठेव, भिंतीकडे करू नको."

"आणि ती इस्त्री?" तो म्हणाला. "शेल्फवर काय दिसेल ती! तुझं दार काय, विटेनंही थांबेल."

"तू आधी घागर ने," मी म्हटलं, "इस्त्रीचं मग भांडूया."